भट्टी आणायला गेली, मोटार घेऊन आली

रविवारी दुपारी सगळ्यांनी बसून काय ते एकदाचं ठरवून टाकू, असं दादा फोनवर म्हणाला, तेव्हाच ताईला कळलं की ठरवून झालेलं आहे, बसायचं तेवढं बाकी आहे. दादाची ही पद्धत लहानपणापासूनची. कुठली पेन्सिल हवी, असं प्रेमाने विचारायचा आणि लांबवाली तोवर त्याच्या दप्तरात गेलेली असायची.

दादा आणि वहिनी वेळेवर आले. घरच्या बेकरीच्या मागच्या खोलीत, कणीक मळायच्या लांब लाकडी टेबलाभोवती सगळे बसले. या घरातले सगळे निर्णय त्याच टेबलावर झाले होते. बाबांचं आजारपण, व्हॅनची विक्री, धाकट्याने शिक्षण सोडून वाद्यदुरुस्तीच्या दुकानात बसायचं, सगळं. बाबा गेल्यापासून टेबलाच्या टोकाला कोणी बसत नसे. दादा आज तिथेच बसला. खिडकी नेमकी त्याच्यासमोर आली आणि खिडकीबाहेर, अंगणात, ती मोटार.

नजर टाळावी म्हटलं तरी टळणारी वस्तू नव्हती ती. एके काळी काळी असावी. आता तिला रंग असा उरलाच नव्हता. दोन मोठे दिवे, त्यातला एक समोर बघतोय, दुसरा आभाळाकडे. टपाचं कापड फाटून लोंबत होतं. मडगार्ड मात्र कुणा खानदानी बाईने पदर सावरावा तसे चाकांवरून झोकात खाली उतरले होते.

"आई, मी काही तुला बोल लावायला आलेलो नाही," दादाने सुरुवात केली.

"मग चहा घे," आई म्हणाली.

दादाने कप पुढे ओढला, पण उचलला नाही. "एक मोठं हॉटेल बंद पडतं. त्याच्या सामानाचा लिलाव निघतो. तू तिथे भट्टी घ्यायला जातेस. बरोबर? भट्टी मिळाली नाही, तर माणसाने पैसे घेऊन परत यायचं असतं."

"ते मला घरी आल्यावर सुचलं."

धाकट्याने मान खाली घालून हसू दाबलं. दादाचा मोर्चा लगेच त्याच्याकडे वळला. "आणि तू होतास ना बरोबर? तिचा हात धरता आला नाही तुला?"

"धरला असता दादा, पण तो आधीच वर गेलेला होता."

झालं होतं ते एवढंच. हॉटेलच्या भट्टीवर बोली चढत गेली आणि यांच्या ऐपतीच्या पार निघून गेली. मग शेडमधली ही गाडी निघाली. कुणी हात वर करेना. लिलाव पुकारणारा माणूस थट्टा करायला लागला, लोक हसायला लागले, आणि त्या हशात आईचा हात वर गेला. भट्टीसाठी दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन जमवलेले पैसे असे दोरखंडाने ओढत घरी आले.

"पण का घेतलीस, ते तरी सांग," ताई म्हणाली. हा प्रश्न ती आठवडाभर विचारत होती.

"आवडली मला."

उत्तरही आठवडाभर हेच होतं. ताईला रागापेक्षा नवल त्याचंच वाटत होतं. जन्मात तिने आईच्या तोंडून कुठल्याही गोष्टीबद्दल हा शब्द ऐकला नव्हता. साडी घेताना आई म्हणायची, मळखाऊ आहे. भांडं घेताना म्हणायची, टिकेल. बाबा कसे वाटले होते गं पहिल्यांदा, असं एकदा लाडात येऊन विचारलं, तर म्हणाली होती, कष्टाळू.

पण नवलाने भट्टी दुरुस्त होत नव्हती. बेकरीची जुनी भट्टी बाबांच्या हातची. तिचा तळ डाव्या कोपऱ्यात खचला होता, दाराच्या बिजागऱ्या ढिल्या पडून धग बाहेर येत होती. डावीकडचे पाव करपायचे, उजवीकडचे पांढरेफटक राहायचे. ताई लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे सारखे इकडून तिकडे फिरवून कसंबसं निभावून न्यायची. मिस्त्री येऊन, बघून, नवीन घ्या म्हणून सांगून गेला होता. एकदा भट्टी बसली की बेकरीही बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दादाने घसा साफ केला. "मला असं वाटतं, की गल्ल्याची किल्ली आता ताईकडे राहावी. हिशेब मी दर महिन्याला बघत जाईन. तुझं वय झालं, तू आराम कर. आम्हा दोघांचं तसं बोलणं झालंय."

आम्हा दोघांचं, म्हटल्यावर आईने ताईकडे पाहिलं. ताईने फोनवर हो म्हटलं होतं खरं. रागाच्या भरात म्हटलेला तो हो आता परत घेता येईना. ती टेबलावरचं पीठ बोटाने एका जागी गोळा करत बसली.

आई रागावली नाही, रडली तर मुळीच नाही. "आणि गाडीचं काय करणार?" तिने विचारलं.

"एक गृहस्थ आहेत. जुन्या मोटारी जमवतात, शौक आहे त्यांना. आहे तशी उचलून नेतील. निम्मे तरी पैसे सुटतील."

"चालू असली तर किती देतात?"

"चालू? आई, तिच्यात उंदरांचं खटलं नांदतंय."

"उंदीर मी सकाळीच काढले," आई म्हणाली. तिने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. दिली मात्र नाही, बोटाखाली धरून ठेवली. "त्या गृहस्थांना या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बोलाव. तोवर गाडी सुरू झाली नाही, तर गाडी त्यांची आणि किल्ली तुमची. मी एक शब्द बोलणार नाही."

"गल्ल्यातला पैसा लावायचा नाही."

"नाही लावणार."

वहिनी इतका वेळ गप्प होती. रुग्णालयात परिचारिका असल्यामुळे तिला नको तिथे न बोलायची सवय होती, पण हवं तिथे ती चुकत नसे. "आई, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल हो."

"मसाला घरचाच वापरू," आई म्हणाली आणि किल्ली पुन्हा कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा पाव निघाला, गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली, की आई बाबांचा जुना शर्ट साडीवर चढवून अंगणात जायला लागली. तिला यातलं कळत होतं, हे घरातले जवळजवळ विसरलेच होते. बाबांची पाठ धरली त्या वर्षांत पावाची व्हॅन आईच चालवायची. व्हॅन रोज कुठे ना कुठे रुसायची आणि मेकॅनिक बोलवायची सोय नसायची, म्हणून तिची समजूत काढायलाही आईच शिकली. पुढे व्हॅन विकली, टेम्पो लावला, आणि ती विद्या माळ्यावरच्या भांड्यासारखी पडून राहिली.

खर्चाला तिने वाट काढली. बेकरीतलं मोडकं मळणी यंत्र आणि पोचे पडलेले ट्रे भंगारात दिले. त्यात प्लग, तेल, पट्टे आणि जुन्या बाजारातले चार टायर आले. दोन एका जातीचे, दोन दुसऱ्या. त्यापलीकडे जे लागेल ते हाताने करायचं.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन जाम होतं. समोरून हँडल घालून फिरवायला गेलं, तर भिंतीत खुंटी ठोकल्यासारखं घट्ट. आईने प्लग काढले, भोकांतून आत तेल आणि डिझेल ओतलं आणि त्याला मुरत ठेवलं. रोज सकाळी ती हँडलला हात लावून बघायची. लोणचं मुरलं का बघावं तसं. मुरलेलं नसायचं.

ताई भट्टीसमोरच्या खिडकीतून हे बघायची आणि बघत नसल्यासारखं करायची. मनात म्हणायची, जाऊ दे, थकेल आणि सोडेल. पण आई थकायची, सोडायची नाही. एके दिवशी हँडलवर दोन्ही हात ठेवून, त्याच्यावर कपाळ टेकून आई उभी राहिलेली ताईला दिसली. हरल्यासारखी नाही, आतलं काही ऐकू येतंय का, असं कान देऊन. ताईला ती उभी राहायची तऱ्हा ओळखीची वाटली. ती स्वतः भट्टीच्या दाराशी अशीच उभी राहायची, आतल्या पावाचा अंदाज घेत. आपण ही गोष्ट बाबांकडून उचलली, असं ती आजवर समजत आली होती.

फावडं भिंतीला टेकवून ती बाहेर आली. "काय हवंय?"

"ऊब," आई म्हणाली. "थंडपणी हलणार नाही हे. रेडिएटरमधून उकळतं पाणी फिरवलं, तर लोखंड जरा सैल होईल."

बेकरीत उकळत्या पाण्याला काय तोटा. ताईने बादल्यांवर बादल्या आणल्या. आई वरून ओतत होती, खालच्या तोटीतून ते पाणी अंगणात वाहत होतं, आणि त्या वाफेत दोघी हँडलला लोंबकळल्या. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. मग कुठेतरी खोल, जुनं दार कण्हावं तसा आवाज झाला आणि हँडल ताईच्या हातात इंचभर खाली आलं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"हललं," ती म्हणाली.

"हललं," आई म्हणाली. "आता तुला दादाला फोन करावा लागेल. पक्ष बदलला म्हणून सांग."

धाकट्याला पक्ष बदलायची गरज नव्हती. तो मुळातच आईचा. पण दिवसभर बँडवाल्यांचे कर्णे नि तुताऱ्या सरळ करून त्याचे हात भरून यायचे. तरी रोज संध्याकाळी तो यायला लागला. पेट्रोल कमी-जास्त आत सोडणारा एक पोकळ पितळी गोळा असतो. तो पेट्रोलवर तरंगला पाहिजे. यांचा गोळा हलवला की आत खुळखुळ वाजायचा, म्हणजे कुठेतरी बारीक भोक होतं आणि पेट्रोल आत शिरलं होतं. भोक डोळ्यांना दिसेना. आईने गोळा कढत पाण्यात बुडवला. एका जागेवरून मोहरीएवढे बुडबुडे निघाले. धाकट्याने तिथे नखाने खूण केली आणि तुतारीला लावतात तसला डाग दिला, इतका पातळ की हात फिरवला तरी कळू नये. "जाड झाला तर बुडेल," तो म्हणाला, "आणि पातळ झाला तर गळेल. आमच्या दुकानात ह्यालाच कला म्हणतात आणि पगार देताना मजुरी म्हणतात."

वहिनी आली ती गुपचूप. दादाने पाठवली असावी, काय चाललंय ते बघून ये म्हणून. पर्स काखेत धरून ती लांबच उभी राहिली. आई त्या वेळी सुईच्या टोकाएवढ्या भोकाच्या पितळी नळीत तार घालून कचरा काढायच्या खटपटीत होती.

"तारेने नका करू आई, भोक मोठं होईल," वहिनीच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून परस्पर आली. पर्समध्ये टाकून द्यायला निघालेली काचेची मोठी पिचकारी होती, इंजेक्शनची. तिच्यात पेट्रोल भरून तिने एकेक नळी अशी निगुतीने धुतली, जणू प्रत्येकीच्या पलीकडे कुणाचं तरी काळीज आहे.

जाताना हात धुता धुता ती ताईला म्हणाली, "वन्सं, मी आले होते हे घरी बोलू नका."

"आणि हाताला पेट्रोलचा वास येतोय त्याचं काय सांगणार?"

"वॉर्डात नवीन औषध आलंय म्हणेन."

सगळ्यात अडलं ते ठिणगीपाशी. मॅग्नेटो म्हणून एक जड डबी असते. ती फिरली की वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी पडते. यांच्या डबीत वर्षानुवर्षांचा दमटपणा मुरला होता. ठिणगी पडायची, पण काजव्यासारखी, तीही मनात आलं तर. नवीन घ्यायची तर बेकरीच विकावी लागली असती.

"वाळवायला हवी," आई म्हणाली. "विस्तवावर ठेवली तर आतलं वेष्टण वितळेल. उन्हात ठेवली तर वर्ष जाईल."

ताईने डबी हातात घेऊन तिचं वजन पाहिलं. "दुपारचा घाणा निघाला, की भट्टीच्या उजव्या अंगाला, तिसऱ्या विटेपाशी, टोस्ट वाळवते ती जागा. तिथे कागदसुद्धा पिवळा पडत नाही. पण ओल राहत नाही."

आईने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. "तुला नक्की माहीत आहे?"

"मला त्या भट्टीचं नाही माहीत, तर कुणाला?"

ती डबी उतरत्या धगीत टोस्टांच्या शेजारी वाळली. बाहेर काढून, निववून, परत बसवली. धाकट्याने वायर धरली, आईने हँडल फिरवलं, आणि धाकटा असा उडाला की त्याची चप्पल अंगणाच्या पार पलीकडे जाऊन पडली. तो जमिनीवर बसून कोपर चोळत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद होता. "आहे," तो म्हणाला. "ठिणगी आहे."

शेवटच्या रविवारी दादा त्या गृहस्थांना घेऊन आला. गृहस्थ सभ्य होते, बेताचं बोलणारे. गाडीला चारी बाजूंनी फेरी मारताना त्यांनी हात पाठीमागे बांधले होते, पण बोटं सारखी हलत होती, तेवढ्यावरून ताईने ओळखलं की यांना ही हवी आहे. दादाच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. वहिनी त्याच्या मागे उभी राहून आभाळाकडे बघत होती.

"चालू होते का?" गृहस्थांनी विचारलं.

"बघू या," आई म्हणाली.

खरं म्हणजे गाडी अजून एकदाही चालू झाली नव्हती. आदल्या दिवशी खोकली होती, पण खोकणं आणि बोलणं यात फरक आहे. आई आत बसली. धाकट्याने हँडल धरलं. फिरवलं, फिरवलं, परत फिरवलं. गाडी फुसफुसली, एक धुराचा भपका सोडला आणि गप्प झाली. धाकट्याने हात बदलला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. ताईने फिरवून पाहिलं. तिला तर हँडलने नुसत्या वाकुल्या दाखवल्या.

गृहस्थांनी हळूच घड्याळ पाहिलं. "मी आहे तशी न्यायला तयार आहे," ते म्हणाले. बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

ताईला वाटलं होतं, दादाला आता हायसं वाटेल. तसं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसेना. तो आईकडे बघत होता. आईच्या मनगटापर्यंत काळं तेल होतं, बाबांच्या शर्टाची कॉलर तिच्या मानेशी उभी राहिली होती, आणि स्टिअरिंगमागे ती ताठ बसली होती. घरात एवढी ताठ ती कधी बसत नसे.

"तू फिरव," आई दादाला म्हणाली.

"मी?"

"धाकट्याचा हात चपळ आहे, पण झटका लहान पडतो. तुझा हात जड आहे. लहानपणी तूच दार आपटायचास."

दादाने इकडेतिकडे पाहिलं. वहिनीने त्याच्या मनगटावरचं घड्याळ न विचारता काढून घेतलं. तो पुढे जाऊन वाकला आणि त्याने हँडल मुठीत धरलं.

"असं नाही," आई खाली उतरून त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने त्याचा अंगठा सोडवून बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवला. "अंगठा वेढायचा नाही. हँडलने उलट लाथ मारली, तर वेढलेला अंगठा मोडतो. आणि खाली दाबायचं नाही, खालून वर ओढायचं. एकच झटका, पण पोटातून."

दादाने मान हलवली. कचेरीत माणसांना कामाला लावणारा तिचा हा मुलगा, पहिलीतल्या पोराने पाटीवर हात धरून घ्यावा तसा हात धरून घेत होता. आई परत आत बसली आणि स्टिअरिंगवरचा, ठिणगी लवकर-उशिरा पाडायचा खटका मागे ओढला.

दादाने ओढलं. हँडलने खरोखरच लाथ मारली. फाडकन उलट फिरून ते त्याच्या मुठीतून सुटलं आणि तो दोन पावलं मागे कोलमडला. अंगठा शाबूत होता. त्याने हाताकडे पाहिलं, मग आईकडे.

"जागी आहे ती," आई आतून म्हणाली. "लाथ मारतेय म्हणजे जागी आहे. मी खटका अजून मागे घेते. परत."

दादाने बाह्या वर सारल्या. पाय रोवले. आणि ओढलं.

आधी एक स्फोट झाला, मग दुसरा, मग दोघांच्या मधल्या फटीत आणखी काही स्फोट येऊन बसले आणि त्यांचा एक आवाज झाला. मागच्या नळीतून निळा धूर आला आणि त्याच्याबरोबर कागदाचे कपटे, चिंध्या, तुसं, उंदरांचा सगळा संसार अंगणभर उधळला. गाडी नखशिखांत थरथरत होती. आभाळाकडे बघणारा दिवा थरथरून खाली आला आणि क्षणभर सरळ समोर बघून परत वर गेला. आईने खटका हलकेच पुढे केला आणि आवाज खाली उतरला, एकसारखा, भरदार. मोठ्या घरात सगळे एकदम बोलत असावेत तसा.

दादाचा पांढरा शर्ट धुराने ठिपक्याठिपक्यांचा झाला होता. त्याला ते कळलंही नव्हतं. तो वाकून इंजिनाकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"बसा," आई म्हणाली.

दादा पुढे तिच्याशेजारी बसला, ताई आणि धाकटा मागे. वहिनी म्हणाली, पाहुण्यांना चहा कोण देणार, तुम्ही जाऊन या. फाटक उघडलं आणि मोटार रस्त्याला लागली.

शिंप्याच्या दुकानापाशी शिंपी मशीन थांबवून दारात आला. औषधांच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं पैसे द्यायची थांबली. शाळेच्या भिंतीला लागून आईने वळण घेतलं. घेतलं म्हणजे आधी खांदे वळवले, मग स्टिअरिंग, आणि मग आपल्याला सांगितलंय हे लक्षात आल्यावर गाडी वळली. ताईच्या खाली बैठकीची स्प्रिंग टोचत होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. समोर तिला दोन पाठी दिसत होत्या, आईची आणि दादाची, आणि आईच्या पाठीवरून तिची नजर हलत नव्हती. या बाईला आपण महिन्याभरापूर्वी आराम कर म्हणून सांगत होतो.

"ब्रेक लागतो ना?" दादाने विचारलं.

"लागतो. त्याला थोडं आधी सांगावं लागतं."

जरा वेळाने तो म्हणाला, "एक आवाज वेगळा येतोय. मध्येच अडखळल्यासारखा."

"तिसऱ्या सिलिंडरचा," आई म्हणाली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तुला ऐकू आला?"

"आला की."

"मग तुला कळेल हे," आई म्हणाली आणि परत रस्त्याकडे बघायला लागली. दादाचे कान लाल झाले. एवढ्या मोठ्या माणसाचे कान असे लाल झालेले ताईने कधी पाहिले नव्हते.

पाण्याच्या टाकीला वळसा घालून ते परत आले, तेव्हा गृहस्थ फाटकातच उभे होते. चहा त्यांच्या हातात गार झाला होता. त्यांनी या वेळी हात मागे बांधले नाहीत. सरळ मडगार्डवर हात ठेवला आणि आकडा सांगितला. आकडा भट्टीच्या पार पुढचा होता. नवी भट्टी घेऊन वर बेकरीला रंगही देता आला असता. धाकट्याने ताईकडे पाहिलं, ताईने आईकडे, आणि आईने दादाकडे.

"तू सांग," आई म्हणाली.

"मी कशाला? तुझी गाडी आहे."

"व्यवहार तुला कळतो. माझा हात भलत्या वेळी वर जातो. तू सांग."

दादा बेकरीत गेला आणि पावाचा एक रिकामा ट्रे घेऊन आला. मागचं दार उघडून त्याने तो ट्रे बैठकीवर आडवा धरून पाहिला, मग उभा, मग पुन्हा आडवा. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. ताईच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. टेम्पोवाला रोज उशिरा यायचा, ताडपत्रीखाली पावाला घाम सुटायचा आणि हॉटेलवाले ताईला बोल लावायचे.

"मागची बैठक काढली, तर दोन्ही बाजूंना ट्रेच्या रांगा बसतील," दादा ट्रे धरूनच म्हणाला. "टेम्पोचं भाडं वाचेल. आणि हॉटेलच्या दाराशी ही गाडी उभी राहिली, तर पाव कुणाचा ते विचारायला लोक बाहेर येतील." मग त्याने गृहस्थांकडे वळून हात जोडले. "माफ करा. तुम्हाला उगाच त्रास दिला. विकायची नाही."

गृहस्थ हसले. वाईट त्यांना वाटलं होतं, पण राग नव्हता. "मीही नसती विकली," ते म्हणाले. चहाचा कप वहिनीच्या हातात देऊन, गाडीला मागे वळून वळून बघत ते गेले.

अंगणात घरचीच माणसं उरली. वहिनीने नवऱ्याचं घड्याळ त्याला परत दिलं आणि अगदी सहज विचारलं, "आणि किल्लीचं काय ठरलं?"

"कसली किल्ली?" दादा म्हणाला.

वहिनीने आणखी विचारलं नाही. दादाने मात्र नाक हुंगलं आणि तिच्या हाताकडे बघत म्हणाला, "ह्या गाडीला तुमच्या वॉर्डातल्या औषधाचा वास येतोय." धाकट्याला हसू आवरेना. वहिनीने पदर तोंडाला लावला.

ताई हसली नाही. कुणीतरी बोलायला हवं होतं ते तिलाच बोलावं लागणार होतं, कारण पहाटे उठून ट्रे फिरवायचे तिला होते. "गाडी राहिली, छान झालं," ती म्हणाली. "पण पाव भाजायचा कशात? भट्टीचे पैसे गेले ते गेलेच."

आईने फडक्याला हात पुसायला सुरुवात केली. एकेक बोट, सावकाश.

"मिस्त्री काय म्हणाला होता?" तिने विचारलं.

"तळ खचलाय. बिजागऱ्या गेल्यात. नवीन घ्या म्हणाला."

"गाडीचं काय गेलं होतं?"

ताईने मान वळवून मोटारीकडे पाहिलं.

"तळाच्या विटा काढून परत बसवायच्या," आई म्हणाली. "बिजागऱ्या हा डाग देऊन जोडेल. धग कुठे किती लागते, ते तुझ्याएवढं कुणाला कळत नाही, मिस्त्रीलाही नाही. आपण विचारलंच नाही कधी स्वतःला. लगेच नवीन घ्यायला निघालो. मीसुद्धा."

धाकटा बिजागऱ्या बघायला आत गेला. त्याच्या मागोमाग ताई. आज दुपारचा घाणा काढलाच नव्हता, त्यामुळे भट्टी कोमट होती. ती दार उघडून खचलेला कोपरा त्याला दाखवणार, एवढ्यात मागून कुणीतरी तिला हलकेच बाजूला सारलं. दादा होता. त्याने ठिपक्यांचा तो शर्ट काढून खुंटीला अडकवला, बनियनवर गुडघे टेकून बसला आणि बॅटरी घेऊन खांद्यांपर्यंत भट्टीच्या तोंडात शिरला.

बराच वेळ आतून नुसता विटांवर बोट वाजवल्याचा आवाज येत होता. मग त्याचा आवाज आला, घुमून, ओळखू न येण्यासारखा.

"आई, वीट खचलेली नाहीये. खालची वाळू सरकलीये. छिन्नी दे जरा, आणि उजेड धर."

आई त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने उजेड धरला.